अंतराळाचं टेंडर आणि लहान कारखाना: सॉफ्टवेअर काय करू शकतं, काय नाही

इस्रोच्या प्रक्षेपकांचे भाग खासगी कारखान्यांत बनतात, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. विक्रोळीत गोदरेजने विकास इंजिनं बनवली, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरने घन इंधनाच्या मोटारींची आवरणं बनवली. पण भोसरी, चाकण किंवा अंबडमधल्या तीस-चाळीस माणसांच्या सीएनसी कारखान्याला असं काम स्वतःच्या नावावर मागायचं असेल, तर गाडी अडते टेंडरच्या कागदांपाशी. त्यावर उपाय म्हणून आता टेंडर वाचून प्रस्तावाचा मसुदा करून देणारी एआय सॉफ्टवेअर विकली जात आहेत. त्यांच्याबद्दल आणि एकूणच सरकारी अंतराळ कामांबद्दल कानावर येणारं बरंच काही चुकीचं आहे, आणि त्याची किंमत लहान उद्योजकाला मोजावी लागते.

‘अनुभव नाही, उलाढाल नाही, आपल्याला कोण विचारतं?’

केंद्र सरकारच्या २०१२च्या खरेदी धोरणानुसार मंत्रालयांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के वाटा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. अंतराळ विभागही त्यात येतो. १ एप्रिल २०२५पासून लघु उद्योगाची व्याख्या रुंदावली: यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २५ कोटींपर्यंत आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत. आपण ‘लघु’मध्ये बसतो हे कित्येक मालकांना ठाऊकच नसतं. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला ईएमडी, म्हणजे बोलीची अनामत रक्कम, भरावी लागत नाही आणि टेंडरचे कागद मोफत मिळतात. मान्यताप्राप्त स्टार्टअपला पूर्वानुभव आणि उलाढालीच्या अटींतही सवलत देता येते.

मात्र ही सवलत गुणवत्तेच्या आणि तांत्रिक अटींना लागू नाही. शिवाय ती प्रत्येक टेंडरमध्ये असेलच असं नाही. म्हणून ती गृहीत न धरता त्या टेंडरमध्ये ती लिहिलेली आहे का, हे शोधावं लागतं. नेमकं हेच शोधायचं काम सॉफ्टवेअर चांगलं करतं.

संरक्षण मंत्रालयाची वाट वेगळी आहे. एप्रिल २०१८मध्ये सुरू झालेल्या आयडेक्स योजनेत स्टार्टअप आणि लघु उद्योगांना दीड कोटीपर्यंत अनुदान मिळू शकतं. तेवढाच वाटा उद्योगाने स्वतः उचलायचा असतो. ऑक्टोबर २०२२मध्ये ‘मिशन डेफस्पेस’ने अंतराळाशी संबंधित ७५ आव्हानं मांडली. जून २०२४मध्ये आयडेक्सचा ३५०वा करार झाला, तो १५० किलोपर्यंतची उपकरणं वाहणाऱ्या लहान उपग्रहासाठी, स्पेसपिक्सेल या स्टार्टअपशी.

‘शेवटी एल-वनलाच काम मिळतं.’

एल-वन म्हणजे सर्वांत कमी दर भरणारा, आणि हे अर्धसत्य आहे. दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत आधी तांत्रिक लिफाफा उघडतो आणि त्यात पास झालेल्यांचेच दर पाहिले जातात. सर्वांत कमी दर लघु उद्योगाचा नसेल आणि तुमचा दर त्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंतच जास्त असेल, तर तुम्हाला तो दर मान्य करून कामाचा वाटा मिळवण्याची संधी असते. समजा एल-वनने एक कोटी भरले आणि तुम्ही एक कोटी बारा लाख. एक कोटीला तयार असाल तर काम हातचं गेलेलं नाही. भीतीपोटी दर पाडून तोट्यात काम घेणाऱ्यांनी हा नियम वाचायलाच हवा.

‘एआयला टेंडर दिलं, की प्रस्ताव तयार.’

हा गैरसमज सगळ्यांत महाग पडतो.

अशी सॉफ्टवेअर मुख्यतः अमेरिकेत वाढली. तिथल्या बऱ्याच सरकारी मागणीपत्रांत ‘एल’ विभागात प्रस्ताव कसा लिहायचा आणि ‘एम’ विभागात तो कसा तपासला जाईल, हे ठरलेलं असतं. आपल्याकडे अटी विखुरलेल्या असतात: काही तांत्रिक जोडपत्रात, काही सर्वसाधारण अटींत, एखादी स्कॅन केलेल्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या टिपेत आणि एखादी मुदतीच्या चार दिवस आधी आलेल्या शुद्धिपत्रकात. चांगलं सॉफ्टवेअर हे सगळं एका तक्त्यात आणतं. कोणती अट कुठल्या पानावर आहे, तिला पुरावा काय जोडायचा, कोणती शंका प्री-बिड बैठकीत विचारायची, कोणतं प्रमाणपत्र मुदतीपूर्वी संपतंय. दर चुकून तांत्रिक लिफाफ्यात गेला म्हणून प्रस्ताव बाद होणं, डिजिटल सही मुदतबाह्य निघणं, लेखापरीक्षित ताळेबंदाचं एक वर्ष राहून जाणं, असे घात यामुळे टळतात. आठवड्याचं काम दोन दिवसांत होतं आणि इंजिनिअर मोकळा होतो.

पण त्याने मोकळं होऊन उत्तरं लिहायची असतात, कारण ती सॉफ्टवेअरला ठाऊक नसतात. समजा, टेंडरमध्ये व्हॉल्व्हची हेलियम गळती चाचणी मागितली आहे. तुमच्या जुन्या प्रस्तावात ‘गळती चाचणी’ आहे, पण ती हवेच्या दाबावर, पाण्यात बुडबुडे पाहून केलेली. सॉफ्टवेअर शब्दाला शब्द जोडून ‘सुविधा उपलब्ध’ असं सफाईने लिहून टाकतं. तपासणारा शास्त्रज्ञ चाचणी-अहवाल मागतो, आणि तो नसतो. खोटी माहिती देणं हा सरकारी खरेदीच्या सचोटी नियमांचा भंग आहे आणि त्यासाठी खरेदीदार संस्था दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकू शकते. ‘ते एआयने लिहिलं होतं’ हा बचाव होऊ शकत नाही. सही तुमची असते.

कंप्लायन्स तक्त्यात ओळीमागून ओळ नुसतं ‘मान्य’ लिहिणंही तितकंच निरुपयोगी. ‘मान्य, चाचणी-अहवाल क्रमांक अमुक, जोडपत्र तमुक’ असं उत्तर तपासणाऱ्याच्या उपयोगाचं.

‘इंग्रजी चांगलं नाही, म्हणून मागे पडतो.’

प्रस्ताव तपासणारी माणसं तिरुवनंतपुरम, बेंगळुरू किंवा अहमदाबादच्या केंद्रांतली इंजिनिअर मंडळी असतात. त्यांना आकडा, पद्धत आणि पुरावा हवा असतो. इथे मात्र सॉफ्टवेअरचा मला मनापासून आधार वाटतो. तीस वर्षं लेथवर काढलेल्या सुपरवायझरने पातळ भिंतीचा भाग वाकू न देता कसा कापायचा, हे मराठीत सांगावं आणि त्याचं नेटकं इंग्रजी व्हावं. आजवर हे ज्ञान प्रस्तावात उतरतच नव्हतं. आता उतरू शकतं.

‘ड्रॉइंग अपलोड केलं तर काय बिघडतं?’

बरंच बिघडतं. खरेदीदाराबरोबर गोपनीयतेचा करार असेल तर तो मोडतो. अंतराळ आणि क्षेपणास्त्र तंत्रज्ञान निर्यातनियंत्रणाच्या स्कोमेट यादीत पाचव्या वर्गात येतं, आणि त्या यादीत वस्तूंबरोबर तंत्रज्ञानही आहे. परदेशी सर्व्हरवर तांत्रिक माहिती गेली, तर परवान्याचा प्रश्न उभा राहू शकतो. माहिती कुठे साठते आणि तिच्यावर मॉडेल शिकवलं जातं का, ही उत्तरं विक्रेत्याकडून लेखी घ्या.

सॉफ्टवेअर घेण्याआधी आणखी एक करा. मुदत संपलेलं एखादं टेंडर शुद्धिपत्रकांसह त्याला वाचायला द्या, अटींची यादी स्वतः हाताने काढा आणि दोन्ही ताडून पाहा. शुद्धिपत्रकात बदललेली एकही अट त्याने चुकवली, तर ते विकत घेऊ नका.