संप्रेरक उपचारांचे पहिले वर्ष : पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्याच्या संदर्भात

पारलिंगी व्यक्तींच्या संप्रेरक उपचारांत सर्वांत अवघड काम औषध मिळवण्याचे असावे, असा सर्वसाधारण समज असतो. पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. स्त्री-संप्रेरके असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या कोणत्याही मेडिकलमध्ये सहज मिळतात, व्यायामशाळांच्या वर्तुळात टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने अपरिचित नाहीत, आणि काय घ्यावे, किती घ्यावे याचा सल्ला दवाखान्याची पायरी चढण्याआधीच मैत्रिणीकडून, तृतीयपंथी समाजातील गुरूकडून किंवा मोबाइलवरून मिळालेला असतो. दुर्मीळ असते ते घेतलेल्या औषधाचा शरीरावर काय परिणाम होत आहे हे ठरावीक काळाने मोजणारे, आणि मोजताना समोरच्या माणसाला अवघडून न टाकणारे ठिकाण.

संप्रेरक, म्हणजेच हार्मोन, हे ग्रंथींतून थेट रक्तात मिसळून दूरच्या अवयवांना संदेश पोहोचवणारे द्रव्य होय. पौगंडावस्थेत आवाज फुटणे, दाढी येणे, स्तनांची वाढ होणे हे बदल इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन या लैंगिक संप्रेरकांमुळे घडतात. जन्माच्या वेळी पुरुष म्हणून नोंद झालेली, पण स्वतःला स्त्री म्हणून ओळखणारी व्यक्ती म्हणजे पारलिंगी स्त्री, आणि याच्या उलट पारलिंगी पुरुष. या दोघांच्या शरीराची ठेवण त्यांच्या ओळखीच्या जवळ नेण्यासाठी हीच संप्रेरके औषधरूपाने दिली जातात. प्रत्येक तृतीयपंथी व्यक्तीला हे उपचार हवेच असतात असे नाही, आणि ते न घेतल्याने कोणाची ओळख उणी ठरत नाही.

भारतात पारलिंगी व्यक्तींसाठी, आणि बव्हंशी त्याच समाजातील कर्मचाऱ्यांच्या हातांनी चालणारे ‘मित्र क्लिनिक’ २०२१ मध्ये हैदराबादेत सुरू झाले व पुढे ठाणे जिल्ह्यात आणि पुण्यातही त्याच्या शाखा निघाल्या. अमेरिकी सरकारच्या यूएसएड या मदतसंस्थेच्या निधीवर चालणाऱ्या या केंद्रांत सामान्य तपासणी, समुपदेशन, एचआयव्हीविषयक सेवा, संप्रेरक उपचारांचे मार्गदर्शन आणि कायदेशीर सल्ला एका छताखाली मिळत असे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परकीय मदत थांबवली आणि तिन्ही ठिकाणची केंद्रे बंद पडली. हैदराबादचे केंद्र त्याच वर्षी टाटा ट्रस्ट्सच्या साहाय्याने ‘सबरंग’ या नावाने पुन्हा उभे राहिले. निधीचा प्रवाह आटला म्हणून उपचाराधीन शरीर थांबून राहत नाही, ही गोष्ट उपचार सुरू करू पाहणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी लक्षात घ्यावी अशी आहे.

पारलिंगी-स्नेही दवाखान्यातील पहिली भेट बहुधा बोलण्यातच जाते. केसपेपरवर व्यक्ती सांगेल ते नाव लिहिले जाते, आधार कार्डावरचे नाव वेगळे असल्यास ते स्वतंत्र नोंदवले जाते, आणि पुकारा कोणत्या नावाने करायचा हेही विचारले जाते. भरलेल्या प्रतीक्षाकक्षात जुन्या नावाचा पुकारा होण्याच्या भीतीने लोक सरकारी रुग्णालय टाळतात, हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या प्रश्नाचे मोल कळते. त्यानंतर लिंगभावाची जाणीव केव्हापासूनची आहे, उपचारांकडून अपेक्षा काय आहेत, कोणत्या गोळ्या किंवा इंजेक्शने आधीच घेऊन झाली आहेत, घरी किंवा डेऱ्यात (गुरू-चेल्यांच्या सामायिक घरात) कोणाला सांगितले आहे, धूम्रपान किती आहे, अशी विचारपूस होते. आधी घेतलेल्या औषधांविषयी खरे सांगणे येथे अत्यंत महत्त्वाचे असते, कारण त्यावर रागावणारा डॉक्टर स्नेही म्हणवून घेण्यास पात्र नाही आणि ते लपवणाऱ्या रुग्णाची मात्रा ठरवणे कोणालाच शक्य नाही.

बहुतेक डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञाचे किंवा मानसशास्त्रज्ञाचे पत्र मागतात, आणि अनेकांना त्यात अपमान जाणवतो. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, पारलिंगी असण्याची अवस्था मानसिक विकारांच्या यादीतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ‘लिंगभाव विसंगती’ अशा अर्थाच्या नावाने ठेवली आहे; त्यामुळे त्या पत्राचा उद्देश वेड आहे की नाही हे ठरवण्याचा नसून, व्यक्ती निर्णय समजून-उमजून घेत आहे ना आणि तीव्र नैराश्यासारखे काही असल्यास त्यावरही उपचार सुरू आहेत ना, हे पाहण्याचा असतो. लिंगओळख ‘दुरुस्त’ करून देतो असे सांगणारा डॉक्टर मात्र व्यावसायिक गैरवर्तनाचा दोषी ठरतो, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले आहे. प्रस्तुत विवेचन अठरा वर्षांपुढील व्यक्तींपुरते मर्यादित आहे.

दुसरी पायरी रक्ततपासणीची. हिमोग्लोबिन व पेशींचे प्रमाण, यकृत आणि मूत्रपिंडाचे कार्य, साखर, चरबी, इस्ट्रोजेन-टेस्टोस्टेरॉनची मूळ पातळी आणि प्रोलॅक्टिन हे दूधनिर्मितीशी संबंधित संप्रेरक यांची नोंद औषधाचा पहिला डोस घेण्याआधी होते, कारण पुढील प्रत्येक अहवाल या आकड्यांशी ताडून पाहायचा असतो. एचआयव्ही आणि कावीळ ब यांची चाचणी सुचवली जाते. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीलाही संप्रेरक उपचार घेता येतात.

पारलिंगी स्त्रियांना दिले जाणारे मुख्य औषध इस्ट्राडायॉल हे असून ते गोळी, त्वचेवर लावायचे जेल किंवा चिकटपट्टी या रूपांत येते, आणि त्याच्या जोडीला टेस्टोस्टेरॉनला अटकाव करणारे स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरोन यांसारखे औषध दिले जाते. मेडिकलमधून परस्पर घेतल्या जाणाऱ्या माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांत मात्र इथिनाइल इस्ट्राडायॉल हे निराळे, कृत्रिम संप्रेरक असते. यकृतात ते लवकर मोडत नाही आणि रक्त गोठवणारे घटक वाढवते. लवकर परिणाम दिसावा म्हणून दिवसाला चार-चार गोळ्या घेणाऱ्या, त्यातही विडी-सिगारेट ओढणाऱ्या व्यक्तीच्या पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका त्यामुळे वाढतो. याहून कमी माहीत असलेली बाब अशी, की प्रयोगशाळेतील नेहमीची इस्ट्राडायॉल चाचणी हे कृत्रिम संप्रेरक मोजतच नाही. अहवालात पातळी कमी दिसते, व्यक्तीला वाटते की गोळी पुरत नाही, आणि ती मात्रा आणखी वाढवते. पोटरीला एकाच बाजूने सूज व वेदना, अचानक धाप लागणे किंवा छातीत कळ येणे ही लक्षणे दिसल्यास पुढच्या भेटीची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

बदल सावकाश होतात. त्वचा मऊ होणे, स्तनांखाली दुखरी गाठ येऊन वाढ सुरू होणे, चरबी नितंब व मांड्यांकडे सरकणे आणि स्नायूंचा जोर उतरणे हे साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात जाणवू लागते, कामेच्छा व ताठरता त्याआधीच कमी होते, तर स्तनांची पूर्ण वाढ होण्यास दोन-तीन वर्षे लागतात. अंगावरचे केस विरळ होतात, पण दाढी जात नाही, त्यासाठी लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस करावे लागते. फुटलेला आवाजही इस्ट्रोजेनने पुन्हा कोवळा होत नाही, तो सरावाने घडवावा लागतो. मात्रा दुप्पट केल्याने या वेळापत्रकाला गती येत नाही, धोका तेवढा वाढतो. अटकाव करणाऱ्या औषधांचेही स्वतःचे हिशेब असतात : स्पायरोनोलॅक्टोन लघवीचे प्रमाण आणि रक्तातील पोटॅशियम वाढवते, त्यामुळे भट्टीजवळ किंवा पेंट शॉपमध्ये घाम गाळणाऱ्या कामगाराने पाण्याची आबाळ करून चालत नाही, सायप्रोटेरोनमुळे काहींचे मन उदास होते, यकृतावर ताण येतो, आणि अधिक मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास मेंदूच्या आवरणातील मेनिन्जिओमा या गाठीचा धोका वाढतो.

पारलिंगी पुरुषांचे उपचार तुलनेने सरळ आहेत. टेस्टोस्टेरॉनचे तेलकट इंजेक्शन स्नायूत, प्रकारानुसार दोन-तीन आठवड्यांनी किंवा सुमारे बारा आठवड्यांनी घेतले जाते. त्वचा तेलकट होऊन मुरुमे येतात, पाळी बहुतांशी सहा महिन्यांच्या आत थांबते, सहा ते बारा महिन्यांत आवाज जाड होतो आणि दाढी-मिशा भरण्यास चार-पाच वर्षेही लागतात. मुख्य देखरेख रक्त दाट होण्यावर असते. तांबड्या पेशींचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की मात्रा कमी करावी लागते किंवा दोन इंजेक्शनांमधील अंतर बदलावे लागते, आणि इंजेक्शननंतर कितव्या दिवशी रक्त दिले हे सांगितल्याशिवाय टेस्टोस्टेरॉनच्या आकड्याला काही अर्थ नसतो. पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नव्हे.

औषध बंद केल्यास काय मागे फिरते याची चर्चा संमतिपत्रावर सही करण्याआधी व्हावी लागते : स्नायू आणि चरबीची ठेवण पुष्कळशी पूर्ववत होते, पण वाढलेले स्तन आणि जाड झालेला आवाज तसाच राहतो. प्रजननक्षमतेविषयी तर खात्री देताच येत नाही, म्हणून पुढे स्वतःचे मूल हवे असण्याची शक्यता वाटत असेल तर शुक्राणू किंवा बीजांडे गोठवून ठेवण्याचा विचार उपचारांपूर्वीच करायचा असतो. हा खर्च कंत्राटी कामगाराच्या आवाक्यातला नाही, हेही तितकेच खरे.

या पट्ट्यात उपचारांची खरी कसोटी दवाखान्यात नव्हे, तर शॉप फ्लोअरवर लागते. चाकण एमआयडीसीतील वाहनांच्या सुट्या भागांचे कारखाने मोठ्या प्रमाणावर कंत्राटी मनुष्यबळावर चालतात, काम तीन पाळ्यांत आणि बरेचसे उभ्याने व उचलण्याचे असते; इस्ट्रोजेन सुरू असलेल्या व्यक्तीचा जोर काही महिन्यांत उतरतो, आणि मुकादमाला दिसते ते एवढेच की हा माणूस पूर्वीसारखे उचलत नाही. त्याच काळात हिमोग्लोबिन स्त्रियांच्या पातळीकडे येते. प्रयोगशाळेचा संगणक नोंदीतील लिंगानुसार सामान्य मर्यादा छापतो, म्हणून कंपनीच्या वार्षिक तपासणीत ‘पुरुष’ म्हणून नोंदलेल्या पारलिंगी स्त्रीच्या अहवालावर पंडुरोगाची खूण उमटते आणि पारलिंगी पुरुषाचे वाढलेले हिमोग्लोबिन अकारण चिंतेचे ठरते. अशा प्रसंगी दवाखान्याने लेटरहेडवर दिलेले, उपचार सुरू असल्याचे आणि अहवाल कोणत्या मर्यादेशी ताडून पाहावा हे सांगणारे दोन ओळींचे पत्र उपयोगी पडते. ते दाखवायचे की नाही हा निर्णय अर्थातच त्या व्यक्तीचा. गेटपासवरचा फोटो, कंपनीच्या बसमधील शेजारी आणि कपडे बदलण्याची सामायिक खोली यांच्याशी सामना कागदपत्रे बदलण्याच्या आधीच सुरू होतो, कारण शरीर महिन्यांत बदलते आणि कार्यालयीन नोंदी आपल्या गतीने. रोजगाराच्या बाबतीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतले, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी दरमहा ३,००० रुपयांचे निवृत्तिवेतनही सुरू केले; कारखानदारीने याचे अनुकरण फारसे केलेले नाही.

कागदपत्रांसंबंधी २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती (हक्क संरक्षण) कायद्याने आणि त्याखालील २०२० च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र देण्याची पद्धत घालून दिली; अर्ज करताना त्या दिवशी लागू असलेला नियम समाजकल्याण विभागात विचारून घेणे इष्ट. त्याच कायद्याच्या १५ व्या कलमाने संप्रेरक उपचार, त्यांच्या आधीचे व नंतरचे समुपदेशन आणि विमासंरक्षण यांची जबाबदारी शासनावर टाकली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ‘आयुष्मान भारत टीजी प्लस’ या नावाने प्रमाणपत्रधारकांना वर्षाला ५ लाख रुपयांच्या संरक्षणाची योजना जाहीर केली. कलमात लिहिले म्हणजे पिंपरीच्या सरकारी बाह्यरुग्ण विभागात संप्रेरकतज्ज्ञ वाट पाहत बसलेला असतो असे नव्हे. तरीही मात्रा एकदा ठरली, की नेहमीच्या रक्ततपासण्या महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या ठिकाणी, आणि विमाधारक कामगाराला चिंचवडच्या मोहननगर येथील कामगार विमा रुग्णालयात करून घेण्याचा प्रयत्न करता येतो, व ते अहवाल खासगी तज्ज्ञाला दाखवता येतात.

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एक-दोन वेळा तपासणी, असा जगभरचा प्रघात आहे. यातली एखादी भेट चुकली तर फारसे बिघडत नाही. दवाखानाच बंद झाला तर काय करायचे, याची तयारी आधी असावी लागते. ज्यांच्या शरीरात अंडकोश किंवा अंडाशय शाबूत आहेत त्यांचे मूळ संप्रेरक औषध थांबल्यावर काही काळाने बहुधा पुन्हा वाढू लागते. ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा डेऱ्याच्या परंपरेनुसार ज्यांनी निर्वाण, म्हणजे लिंग व अंडकोश काढून टाकण्याचा विधी, केले आहे, त्यांच्या शरीरात मात्र औषधाखेरीज पुरेसे लैंगिक संप्रेरक उरत नाही. त्यांनी महिनोन्महिने खंड पाडला तर अंगातून वाफा येणे, थकवा आणि पुढे हाडे ठिसूळ होणे असा क्रम लागतो. म्हणून सध्याच्या औषधाचे नाव व मात्रा, शेवटच्या इंजेक्शनची तारीख, आरंभीचे आणि ताजे रक्त-अहवाल यांची एक प्रत रुग्णाने स्वतःजवळ ठेवावी. पुढचा डॉक्टर पारलिंगी आरोग्याचा जाणकार नसला, चाकणमधला साधा एमडी फिजिशियन असला, तरी त्या चार कागदांच्या आधारे तो नवीन तज्ज्ञ सापडेपर्यंत तीच मात्रा चालू ठेवू शकतो.