दमा आणि आपले ताट



लागण, बेणे, खोडवा यांवर लिहिणाऱ्या माणसाने आज दम्यावर का लिहावे, असे आपणास वाटेल. कारण दमा माझ्याच घरात आहे. आईला हा त्रास जुना. 'थंड पडते' म्हणून तिचे पेरू, केळी, काकडी, टोमॅटो आम्ही सगळे बंद करून टाकले होते. ताटात उरले पिठले-भाकरी आणि मी गेटवरून नेलेली गरम भजी. आपण उलटेच करीत होतो, हे मला फार उशिरा कळले.

दमा म्हणजे नुसता कफ नव्हे. श्वासनळ्यांना आतून सूज असते. थंडी, धूर, धूळ लागली की ती वाढते, नळी आवळते आणि छातीत शिट्टी वाजू लागते. पाइपात गाळ बसला की मोटर कितीही चालवा, पाणी कमीच पडते, तसा हा प्रकार.

या सुजेचा संबंध खाण्याशीही आहे. ऑस्ट्रेलियात न्यूकॅसल येथील संशोधकांनी दमेकऱ्यांना भरपूर तेलकट जेवण दिले. चार तासांत त्यांच्या कफात सूज दाखविणाऱ्या पेशी वाढल्या आणि श्वास मोकळा करणाऱ्या पंपाचा गुणही कमी आला. हे २०११ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१२ साली त्यांनीच १३७ दमेकऱ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. रोज भरपूर भाजी व फळे खाणारांपेक्षा, ती कमी खाणारांना दमा उसळण्याचा धोका सव्वादोन पट दिसला. टोमॅटोच्या अर्काच्या गोळ्यांनी मात्र हा फायदा झाला नाही. म्हणजे बाटलीतले नको, ताटातले हवे.

मग करायचे काय?

१. भाजी व फळे सरसकट बंद करू नका. एखाद्या जिनसाने खरोखरच त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून तेवढाच टाळा.

२. भजी, वडे, फरसाण रोजचे नको, सणासुदीला चवीपुरते.

३. उसाच्या नव्या लागणीत मेथी, कोथिंबीर, कोबी, टोमॅटोच्या दोन सऱ्या घरासाठी धरा. बांधावर पेरू, शेवगा लावा. एकरांनी ऊस असलेल्या घरात भाजी आठवडी बाजाराची वाट पाहते, हे काही बरे नव्हे.

४. पाचट जाळू नका. तो धूर शेजारच्या दमेकऱ्याच्या छातीत जातो.

आणि मुख्य गोष्ट. खत घातले म्हणून आपण पाण्याची पाळी चुकवतो का? तसेच भाजी खाल्ली म्हणून डॉक्टरांनी दिलेला पंप बंद करायचा नाही. पंपाची सवय लागते, ही भीती मनातून काढून टाका. बोलताना धाप लागली, ओठ निळसर पडले, तर काढ्यात वेळ न घालवता लगेच दवाखाना गाठा.

आई आता रोज पेरू खाते. पंपही घेते. भजी आणणे मी बंद केले आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी