विश्लेषण : ‘रात्रीस खेळ चाले’ पुन्हा पाहताना… उत्तर माहीत असूनही रहस्य का रंगतं?

‘रात्रीस खेळ चाले’ सुरू होते ती अण्णा नाईकांच्या मृत्यूने. २२ फेब्रुवारी २०१६ रोजी झी मराठीवर ही मालिका आली, तेव्हा अण्णा म्हणजे प्रेक्षकांसाठी नुकतंच वारलेलं घरातलं मोठं माणूस, एवढंच होतं. कुडाळ तालुक्यातल्या आकेरीच्या वाड्यात मुलं, सुना, लेक जमतात, जमिनीच्या हिश्श्याचा विषय निघतो आणि विचित्र प्रकार घडू लागतात. आज तोच भाग मोबाइलवर पुन्हा लावला तर बराच वेगळा दिसतो. मीरा-भाईंदरमध्ये कोकणातून आलेली घरं भरपूर आहेत, आणि पालीहून बसने भाईंदर स्टेशन गाठेपर्यंत एक भाग सहज पाहून होतो. म्हणून हा उद्योग नेमका कसा करावा, ते पाहू.

शेवट कळला की मजा जात नाही?

सॅन दिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये हे तपासलं. काही वाचकांना कथेचा शेवट आधीच सांगितला, काहींना नाही. रहस्यकथांच्या बाबतीतही, शेवट ठाऊक असलेल्यांनीच कथेला सरासरी जास्त पसंती दिली. कारण समजायला अवघड नाही. ‘कोणी केलं’ हे ओझं उतरलं की ‘कसं लपवलं’ याकडे लक्ष जातं. (तरीही या मालिकेचा शेवट इथे फोडलेला नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्यांचा हक्क असतोच.)

आधी कोणतं पर्व पाहायचं?

दुसरं पर्व जानेवारी २०१९ मध्ये आलं, पण त्याची कथा पहिल्याच्या आधीची. त्यात माधव अभ्यंकरांचे अण्णा जिवंत आहेत. गावावर दरारा, घरात दहशत आणि बाहेर अपूर्वा नेमळेकरची शेवंता. ते पाहून मग पहिल्या पर्वाकडे वळलं की मृत्यूच्या घरातली माईंची शांतता निराळीच वाटते. ते दुःख की सुटका, असा प्रश्न पडतो.

इथे जरा थांबायला हवं. पहिलं पर्व सुरू झालं तेव्हा दुसऱ्याच्या प्रसारणाला जवळपास तीन वर्षं होती. त्यामुळे माईंच्या चेहऱ्यावर आपण जे वाचतो, त्यातलं बरंचसं आपणच भरलेलं असतं. म्हणून आमचा कौल प्रसारणाच्या क्रमाला. आधी पहिलं पर्व, मग दुसरं, आणि हौस असेल तर पुन्हा पहिलं.

पेरलेला धागा ओळखायचा कसा?

तुलनेसाठी बासू चॅटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’ घ्या. दूरदर्शनवर १९९३ मध्ये आलेली ही मालिका २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा दाखवली गेली. तिचा आधार शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या लिहून पूर्ण झालेल्या कथा. त्यांतली ‘सत्यान्वेषी’ आठवा. खाणावळवजा घराचा मालक अनुकूलबाबू हा भला होमिओपॅथी डॉक्टर. कोकेनच्या धंद्यामागे तोच आहे हे कळल्यावर दुसऱ्यांदा त्याच्या प्रत्येक आपुलकीच्या वाक्याला दोन अर्थ येतात. ते अर्थ लेखकाने आधीच ठेवलेले आहेत.

रोजच्या मालिकेला ही चैन नाही. दोनशेच्या आसपास भाग, लेखन चित्रीकरणाच्या जेमतेम पुढे, आणि दर आठवड्याला टीआरपीचे आकडे. फेब्रुवारीत दाखवलेला संशय जूनमध्ये नकोसा होऊ शकतो. पुन्हा पाहताना असे तीन प्रकार वेगळे काढावेत : पुढे उपयोगी पडलेला धागा, मुद्दाम घातलेला चकवा आणि नुसताच सुटून गेलेला धागा. कोकणात चकवा म्हणजे रात्री वाट चुकवणारं भूत, त्यामुळे हा शब्द इथे दुहेरी लागू पडतो! चकव्याबद्दल तक्रार नसावी, तो खेळाचाच भाग. सुटलेल्या धाग्याबद्दल मात्र जरूर असावी.

टिपायचं काय?

मोबाइलच्या नोट्समध्ये प्रत्येक भागासाठी दोन ओळी पुरतात. प्रसंग घडला तेव्हा वाड्यात कोण कुठे होतं आणि त्या क्षणी कोणाला काय ठाऊक होतं. त्याखाली एक खूण करा : झालेल्या प्रकाराला पुढे माणसाचा हात सापडला की नाही? ही खूण महत्त्वाची. २०१६ मध्ये मालिका सुरू होताच अंधश्रद्धा पसरवते, कोकणाची बदनामी करते असे आक्षेप घेतले गेले. पुढे गोष्ट पोलीस तपासाकडे वळते. किती भुतांचा हिशेब लागला आणि किती तशीच मोकळी सोडली, हे भागागणिक मोजलं तरच त्या आक्षेपावर नीट बोलता येईल. नुसत्या आठवणीवर नाही.

आणि पांडूचे प्रसंग पुढे ढकलू नका. सगळं विसरणारा हा गडी साकारलाय प्रल्हाद कुडतरकर यांनी, आणि मालिकेच्या लेखनातही तेच होते. घरात पुढे काय घडणार हे ज्याला ठाऊक, तोच पडद्यावर डोकं खाजवत उभा असतो.