बरं झालेलं बाळ जातं कुठे?

कुपोषण म्हटलं की मेळघाटातली, आदिवासी पाड्यांवरची मुलं आपल्या डोळ्यांसमोर येतात. मुंबईत गल्लीच्या तोंडाशी वाण्याचं दुकान असतं, दवाखाना असतो, हाताला काहीतरी काम असतं. तिथे मूल कुपोषित कसं राहील, असं आपल्याला वाटतं. धारावीत काम करणाऱ्या ‘स्नेहा’ या स्वयंसेवी संस्थेचं काम पाहिलं, की या प्रश्नाचं उत्तर सापडू लागतं.

या संस्थेचं मूळ रुग्णालयात आहे. डॉ. आर्मिडा फर्नांडिस या शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात नवजात बालकांच्या तज्ज्ञ होत्या. पुढे तिथल्या अधिष्ठाताही झाल्या. ज्या बाळांना आईचं दूध मिळू शकत नाही, त्यांना इतर मातांनी दिलेलं दूध मिळावं म्हणून १९८९ साली त्यांनी तिथे दूधपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली दूधपेढी मानली जाते. पण रुग्णालयात वाचलेलं बाळ शेवटी जातं ते घरीच. ते घर, तिथलं पाणी, तिथल्या आईची तब्येत जशी होती तशीच राहिली, तर बाळ पुन्हा आजारी पडतं. उपचार वस्तीपर्यंत गेले पाहिजेत, या विचारातून १९९९ साली ‘स्नेहा’ची स्थापना झाली.

आईच्या पोटात २७० दिवस आणि जन्मानंतरची दोन वर्षं म्हणजे ७३० दिवस, असे हे एक हजार दिवस फार मोलाचे असतात. शरीराचा आणि मेंदूचा पाया याच काळात घातला जातो. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध पुरतं. त्यानंतर वरचं अन्न लागतं. बाळाचं पोट लहान, म्हणून ते थोडं थोडं आणि दिवसातून अनेकदा भरवावं लागतं. नेमकं इथेच वस्तीतल्या आईचं गणित चुकतं. ती घरी बसून मणी ओवते, कपड्यांचे धागे कापते किंवा चार घरची धुणीभांडी करते. नळाला पाणी येईल त्या वेळी ते भरून ठेवावं लागतं. मूल रडलं की हातात वेफर्सचं पाकीट देणं सोपं पडतं. पाकिटाने पोट भरतं, भूक मरते, पण अंगी काही लागत नाही. त्यातच दूषित पाण्याने जुलाब झाले, तर कमावलेलं वजनही जातं. कमी पडतो तो केवळ घास नव्हे. भरवायला लागणारा वेळ आणि स्वच्छ पाणी हेही कमी पडतं.

म्हणून अशा कामात घरोघर जाण्याला फार महत्त्व असतं. बाळाचं वजन केलं जातं, पट्टीने दंडाचा घेर मोजला जातो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित समजतात आणि त्याला लगेच उपचारांची गरज असते. मोजणं दोन मिनिटांचं; खरं काम त्यानंतरचं. बाळाला कोण भरवतं, आईला पुन्हा दिवस गेले आहेत का, सासू काय म्हणते, हे बोलून समजून घ्यावं लागतं. अशा बोलण्यातूनच कधी नवऱ्याची मारझोडही कळते. मार खाणाऱ्या, धास्तावलेल्या आईकडून बाळाचं खाणंपिणं कसं सांभाळलं जाणार? म्हणूनच ‘स्नेहा’ने पोषणाबरोबर स्त्रियांवरील हिंसाचाराचा प्रश्नही हाती घेतला. समुपदेशन, पोलिसांकडे सोबत, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची मदत, हे सारं बाळाच्या वजनाशी जोडलेलंच आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. संस्थेने अंगणवाडीला पर्याय उभा केला नाही. महापालिका आणि अंगणवाडी यांच्याशी हात मिळवून काम केलं. अंगणवाडीची योजना १९७५ पासून आहे. पण तीन वर्षांखालचं मूल अंगणवाडीत येऊन बसत नाही. त्याचा आहार घरी न्यायचा असतो. ते ज्या घरात असतं, तिथवर कोणीतरी पोचावं लागतं. देणग्या आज आहेत, उद्या नसतील. अंगणवाडी मात्र राहणार आहे. तिच्या सेविकेचे हात बळकट झाले, तरच हे काम टिकेल.

आपण काय करू शकतो? आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचं मूल दिवसभर कोणाजवळ असतं, त्याचं वजन शेवटचं कधी झालं, एवढं जरूर विचारावं. आणि अंगणवाडीत वजनाचा दिवस असेल, त्या सकाळी त्यांना पगार न कापता दोन तासांची सुटी द्यावी. आईच्या हाती वेळ देणं, हेही त्या बाळाला भरवण्यासारखंच आहे.