सुटे पार्ट्स आणि दुरुस्तीची अक्कल

मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली म्हटलं की हौसेने रेडिओ जोडणाऱ्या पिढीचे डोळे लकाकतात. लॅमिंग्टन रोडचं नाव कागदोपत्री केव्हाच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालं, पण पार्ट्स आणायला निघालेला माणूस आजही 'लॅमिंग्टनला जातो' असंच म्हणतो. या आठवणींत ओघाने रेडिओच्या डब्या, सोल्डरचा वास, गँग कंडेन्सर असं सगळं येतं आणि हळहळीवर विषय संपतो. त्या दुकानांचं खरं मोल मात्र त्यात निसटतं. तिथला माल किरकोळ किमतीचा असे. त्याच्या जोडीला फुकट मिळणारी दुरुस्तीची अक्कल किमती होती. आज माल पूर्वीपेक्षा मुबलक आहे, आणि तुटवडा पडलाय तो या अकलेचाच.

ही अक्कल कशी मिळे, ते एका साध्या तक्रारीवरून कळेल. विजेवर चालणारा रेडिओ सतत घुमतो, आवाजाखाली एक जाडसर गुणगुण ऐकू येते. घरच्या विजेचा प्रवाह सेकंदाला 50 वेळा उलटसुलट होतो. तो सरळ करून घेतला तरी त्यात हेलकावे उरतात, आणि ते सपाट करण्याचं काम फिल्टर कंडेन्सरचं. तो सुकला की हेलकावे थेट स्पीकरपर्यंत पोचतात. गिऱ्हाईक रेडिओचा एखादा भलताच भाग मागायला आलं, तर जाणता दुकानदार आधी विचारी, 'आवाज घुमतोय का?' मग कंडेन्सर पुढे करी. 16 व्होल्टचा नसला तर 25 व्होल्टचा चालेल, उलटं मात्र नाही, हेही सांगे. BC148 संपलाय, BC548 घ्या, पण आकार निराळा आहे, पाय तपासून जोडा. अशा दोन वाक्यांत निदान, पर्याय आणि धोक्याची सूचना तिन्ही उरकत. पुस्तकातलं सर्किट आणि घरातला बिघडलेला डबा यांच्यामध्ये हा काउंटर उभा असे.

हे जमलं त्याला दुकानदाराचा स्वभाव कारण होताच, पण त्याहून मोठं कारण त्या काळच्या यंत्रांच्या रचनेत होतं. साध्या ट्रान्झिस्टर रेडिओत मोजकेच ट्रान्झिस्टर असत आणि प्रत्येक पार्ट सुटा, डोळ्यांना दिसणारा असे. मीडियम वेव्हच्या बहुतेक सेटमध्ये आलेलं स्टेशन आधी 455 किलोहर्ट्झवर आणलं जाई, त्यामुळे एका कंपनीच्या सेटला दुसरीकडची आयएफटी, म्हणजे या ठरावीक फ्रिक्वेन्सीची कॉइलही, अनेकदा जुळवून घेता येई. रेझिस्टन्सवरचे रंगीत पट्टे सगळीकडे सारखेच वाचायचे: पिवळा, जांभळा, लाल म्हणजे 4,700 ओहम. थोडक्यात, प्रमाणित पार्ट्समुळे ज्ञानही प्रमाणित झालं होतं आणि एका माणसाच्या डोक्यात मावत होतं. त्यात आयातीवर निर्बंध आणि नवा सेट महाग. म्हणून दुरुस्ती ही हौस कमी आणि गरज जास्त होती.

यावर आक्षेप घेता येतात, आणि ते पोकळ नाहीत. तेव्हा अनेकांना डेटाशीट बघायलाही मिळत नसे. आज ती फोनवर फुकट मिळते, आणि सांगलीच्या मुलीला मुंबईची वारी न करता पार्ट घरपोच येतो. शिवाय अशा बाजारांत नकली मालही खपे. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने 2009 मध्ये लॅमिंग्टन रोडचं नाव बनावट मालाच्या कुप्रसिद्ध बाजारांच्या यादीत घातलं होतं. नवख्याला उडवून लावणारे दुकानदारही काही कमी नव्हते. हे सगळं मान्य. पण ऑनलाइन दुकानात शोधायला आधी पार्टचा नंबर ठाऊक असावा लागतो, आणि अडचण नेमकी तिथेच असते: बिघाड कुठे आहे हेच माहीत नसतं. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. आजच्या फोनमधले रेझिस्टन्स मिलिमीटरभर लांबीचे, निम्मं काम एका चिपमध्ये. तिथे काउंटरवरचा माणूस काय करणार? तरीही इन्व्हर्टर, एलईडी दिवे, चार्जर यांत कंडेन्सर आजही सुकतोच आणि तो सोल्डर करून बदलताही येतो. पुष्कळदा अडतं ते चिकटवून बंद केलेल्या डब्यापाशी आणि न मिळणाऱ्या सर्किटपाशी. हा तंत्राचा नाइलाज नव्हे, कंपनीची निवड आहे.

म्हणूनच दुरुस्तीच्या हक्काची चर्चा इथे जोडून पाहायला हवी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये त्यासाठी समिती नेमली. कंपन्यांनी मॅन्युअल आणि सुटे भाग खुले करावेत, हा त्यामागचा रोख. ते झालंच पाहिजे, पण तेवढ्याने भागणार नाही. मॅन्युअल वाचून बिघाड ओळखणारी माणसं गावोगाव लागतील, आणि तशी माणसं पूर्वी या बाजारांनी पगार न देता घडवली. आता ते काम आयटीआय आणि तंत्रनिकेतनांनी अंगावर घ्यावं: आठवड्यातून एक दिवस लोकांसाठी दुरुस्तीचं टेबल मांडावं, बिघडलेली वस्तू घेऊन कोणीही यावं, विद्यार्थ्याने ती त्याच्यासमोर उघडावी. जुन्या दुकानांबद्दल हळहळणाऱ्यांनी आपला मल्टिमीटर घेऊन त्या टेबलाशी बसावं. त्यांच्या आठवणींचा याहून चांगला उपयोग नाही.