दवाखान्यात ‘निघालेला’ थायरॉइड

परभणीत न्यूमोनियाचा पेशंट अ‍ॅडमिट होतो. सलाईन लागतं, रक्त तपासायला जातं आणि दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातून गावाकडे फोन जातो, “आईला थायरॉइडपण निघाला.” शुगर निघते, बीपी निघतो, तसा हाही. रिपोर्टवर टी-३ च्या आकड्यापुढे खाली तोंड केलेला बाण असतो आणि तेवढ्यावर घरात आयुष्यभराच्या गोळीची चर्चा सुरू होते.

बऱ्याच वेळा ग्रंथीचं काहीच बिघडलेलं नसतं.

हे समजायला आपली ज्वारी बरी. पाण्याचा ताण पडला की ती पानं गुंडाळून ओल वाचवते. ते बघून कुणी फवारणीचा पंप पाठीला लावत नाही. मोठ्या आजारात शरीरही असंच हात आखडतं. थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी-४ बनवते. त्यातला आयोडीनचा एक अणू निघाला की यकृतासारख्या अवयवांत त्याचा टी-३ होतो, आणि पेशींमध्ये खरं राबतो तो टी-३. जंतुसंसर्ग, हार्ट अटॅक, मोठं ऑपरेशन, अगदी नुसती उपासमार झाली तरी हे रूपांतर मंदावतं. टी-४ दुसऱ्या वाटेनं जातो आणि त्याचा ‘रिव्हर्स टी-३’ नावाचा, जवळजवळ निरुपयोगी भाऊबंद तयार होतो. आजार फारच बळावला तर टी-४ आणि थायरॉइडला कामाचा हुकूम देणारा, पीयूषिका ग्रंथीतला टीएसएचही उतरतात. डॉक्टर याला ‘नॉन-थायरॉइडल इलनेस’ म्हणतात. आयसीयूत बाहेरून हार्मोन देऊनही पाहिलं गेलं. आकडे सुधारले, पेशंटला मात्र ठोस फायदा दिसला नाही.

पुढची गंमत पेशंट सावरताना होते. पीयूषिका ग्रंथी जागी होते आणि टीएसएच उसळतो, कधी २० पर्यंत. म्हणजे त्याच बाईचा टीएसएच एका सोमवारी कमी, पुढच्या सोमवारी जास्त! त्यात औषधांची भर. स्टेरॉइड आणि डोपामिन टीएसएच दाबतात. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिल्या जाणाऱ्या अमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ही पाचशे दिवसांची शिदोरी झाली. तिच्यामुळे ग्रंथी खरोखरही बिघडू शकते. आकडे असे फसवतात, म्हणून थायरॉइडच्याच आजाराचा दाट संशय नसेल तर अ‍ॅडमिट पेशंटची थायरॉइड तपासणी करूच नये, असं जाणकार सांगतात. पॅकेजमध्ये सगळ्याच टेस्ट लावायची सवय मला म्हणूनच खटकते.

पण संशय असेल तर थांबायचं नाही. डिसेंबर-जानेवारीत कृषी विद्यापीठात नोंदलेला परभणीचा पारा पेपरात झळकतो, ते दिवस थायरॉइड मंदावलेल्या म्हाताऱ्या माणसांना जड. त्यातही गोळ्या सुटलेल्या असतील आणि वर छातीत कफ झाला असेल, तर अंग गार पडतं, नाडी संथ होते, माणूस गुंगीत जातो. याला मिक्सिडिमा कोमा म्हणतात; यात उपचार करूनही बरेच दगावतात. “थंडीनं गारठली, झोपू द्या” म्हणण्यात वेळ जातो. उलट ग्रंथी बेफाम सुटली की सणसणून ताप, नाडीची धावाधाव, बडबड, जुलाब; ते थायरॉइड स्टॉर्म. दोन्हींत उपचार रिपोर्टची वाट न बघता सुरू करावे लागतात.

आधीपासून गोळी चालू असणाऱ्यांची अडचण साधी असते. गडबडीत गोळ्यांची पिशवी जिंतूरला किंवा पालमला घरीच राहते. दोन-तीन दिवस चुकले तर आभाळ कोसळत नाही, कारण रक्तातला टी-४ निम्मा व्हायला सुमारे आठवडा लागतो. मात्र डॉक्टरांना सांगायलाच हवं, नाहीतर मुक्काम लांबतो आणि गोळीची आठवण कुणालाच राहत नाही. वॉर्डात गोळी मिळू लागली तरी ती चहाबरोबर, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांच्या मुठीत गेली तर अंगी लागत नाही. ती पहाटे अनशापोटी, आणि कॅल्शियम-लोह त्यानंतर चार तासांनी.

आणि ज्यांना या मुक्कामातच थायरॉइड ‘निघाला’, त्यांनी डिस्चार्ज कार्डावर टीएसएच पुन्हा कधी करायचा ती तारीख लिहून मागावी. साधारण सहा आठवड्यांनंतरची.