दुसरा ब्रेक

1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला, त्या काळात इथं गाडी शिकायची म्हणजे ट्रकवर क्लीनर म्हणून चढायचं. उस्ताद शिव्या घालायचा, टायर बदलायला लावायचा आणि मर्जी झाली की रात्री मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात द्यायचा. सरकी, मोसंबी, पुढं सळई वाहणारे कितीतरी ड्रायव्हर असेच तयार झाले. बायकांचा त्यात प्रश्नच नव्हता.

1989 साली केंद्रीय मोटार वाहन नियम आले. हलक्या वाहनाच्या प्रशिक्षणाला किमान 21 दिवस, त्यात प्रत्यक्ष चालवणं 10 तास. रोज अर्धा तास धरला की हिशेब जुळतो. ड्रायव्हिंग क्लासवाल्यांचा अर्धा तास तो हाच. (तो कधी कधी वीस मिनिटांतही संपतो, ते सोडा.) पण त्याच नियमांत शिकवण्याच्या गाडीला दुहेरी नियंत्रण सक्तीचं केलं होतं, आणि माझ्या मते सगळा फरक तिथं पडला. उस्तादाच्या हाती ओरडण्याखेरीज काही नव्हतं. क्लासच्या सरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता.

आमच्या सरांचा आवाज कधी चढला नाही. मारुती 800 अंबड चौफुलीला ऐन गर्दीत बंद पडली, मागून हॉर्नचा कल्लोळ, आणि हे खिडकीबाहेर बघत म्हणणार, "वाजवू द्या त्यांना. न्यूट्रल करा, ताई, मग चावी." क्लच सोडताना बॉनेट थरथरलं की, "हां, इथंच पाय धरा." पुढं सळईचा ट्रक असला, मागं लोंबणाऱ्या टोकांना लाल फडकं बांधलेलं, की मात्र त्यांचा पाय आपसूक ब्रेकवर जायचा. ऊस कारखान्याला निघाला की दिवे नसलेल्या ट्रॉल्यांवर वेगळा धडा व्हायचा. परीक्षेत यातलं काही विचारत नाहीत.

आता शिकाऊ लायसन्स घरबसल्या निघतं. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि ताशी 120 ची मर्यादा असलेला रस्ता जालन्याच्या दाराशी आला. क्लासची गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढं क्वचितच जाते, त्यामुळं तो वेग ज्याचा त्यानंच शिकायचा. ही उणीव मोठी आहे. नवी मुलं सरांना विचारतात, समृद्धीवर कधी नेणार?

"आधी मोंढ्यातून बाहेर काढून दाखवा," सर म्हणतात.